गाडीची किंमत आणि किमतीची गाडी



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांस विषय विचारला तेव्हा आम्ही 'मोटारगाडीची किंमत' असे सांगितले. चिटणीस क्षणभर गप्प राहिले. काल याच व्यासपीठावर ज्ञानेश्वरीवर व्याख्यान झाले, उद्या मराठेशाहीच्या कारभारावर आहे, आणि मध्ये हा मोटारीचा धंदेवाईक विषय कसा बसवावा, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. पण न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तो लोकांनी आपल्या संसाराचा आणि देशाचा विचार एकत्र बसून करावा यासाठीच. ज्या वस्तूवर माणूस घराखालोखाल पैसा खर्च करतो, ती वस्तू विकत कशी घ्यावी हा संसाराचाच विषय आहे. तेव्हा आजची संध्याकाळ आपण आम्हांस द्यावी, एवढी विनंती.

या विषयाला निमित्तही घरचेच घडले. आम्ही मूळचे भोंगवलीचे. आमचा एक पुतण्या तेथे शेती पाहतो. आपणांस ठाऊकच आहे की पुण्याच्या वर्तुळ मार्गासाठी भोर तालुक्यात वरव्याच्या बाजूस जमिनी गेल्या, आणि त्याआधी महामार्गाच्या रुंदीकरणात, कारखान्यांत, प्लॉटांत कितीतरी गेल्या. आमच्या कुटुंबाचाही एक तुकडा असाच गेला आणि त्याचा मोबदला आला. दोन महिन्यांपूर्वी पुतण्या एक कागद घेऊन आमच्याकडे आला व म्हणाला, "काका, गाडी घ्यायची म्हणतोय. जरा नजर टाका." आम्हांस वाटले, ट्रॅक्टर असेल, फार तर माल वाहायची गाडी असेल. कागद उघडून पाहतो तो वेगाची मोटार! चार सेकंदांच्या आसपास ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणारी, जमिनीला पोट टेकून धावणारी. कागदाच्या तळाशी बेरीज लिहिली होती : 1,10,90,000 रुपये.

आम्ही त्याला रागावलो नाही. आपल्या पैशाने काय घ्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय वेगाची हौस ही काही आजची नव्हे. शंकरपटात बैलजोडी पळवणारे आपलेच वाडवडील होते, आणि चांगल्या खोंडासाठी जमीन गहाण टाकणारेही त्यांत होते. आम्ही एवढेच विचारले, "बाळ, ही बेरीज कशाकशाची आहे, हे तुला सांगता येईल काय?" तो म्हणाला, "ऑन-रोड किंमत आहे काका, सगळं धरून." 'सगळं धरून' हे दोन शब्दच आजच्या व्याख्यानाचा विषय आहेत.

प्रथम थोडा मागचा इतिहास पाहू, कारण आपल्या मनाची घडण त्या इतिहासाने केली आहे. वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली आणि मुंबईत कुर्ल्याला मोटारी बनू लागल्या. पुढे तेथूनच फियाट निघाली. पण गाड्या थोड्या आणि मागणारे फार. तेव्हा सरकारने 1959 साली मोटारींच्या वाटपावर आणि विक्रीवर नियंत्रणाचा हुकूम काढला. नाव नोंदवा, अनामत ठेवा आणि नंबर लागेपर्यंत थांबा. किंमत किती असावी यावर सरकार व कारखानदार यांचा वाद इतका विकोपास गेला की तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला, आणि 1971 साली मोटारीच्या किमतीचा हिशेब देशाच्या सर्वोच्च न्यायाधीशांना करावा लागला. स्कूटरचीही तीच कथा. आपल्याच जिल्ह्यात आकुर्डीला स्कूटर बनत असे, आणि आकुर्डीपासून हाकेच्या अंतरावर राहणारा माणूस तिच्यासाठी वर्षानुवर्षे वाट पाहत असे.

जेथे नियंत्रित किंमत आणि अपुरा माल, तेथे तिसरी गोष्ट आपोआप जन्मास येते. तिला आपण 'ऑन' म्हणत असू. छापील किंमत एक, आणि हातात वेगळी पुडी. आम्ही स्वतः या पापातून सुटलेलो नाही. नोकरीला लागल्यावर आम्हीही एका मध्यस्थाला छापील किमतीवर दोन हजार रुपये देऊन दुसऱ्याच्या नंबरावरची स्कूटर घेतली. पावती मागण्याचा प्रश्नच नव्हता, उलट त्या मध्यस्थाचे आभार मानून आणि पेढे देऊन आलो! विकणारा उपकारकर्ता आणि घेणारा याचक, ही भावना त्या काळाने आपल्या अंगी मुरवली.

तो काळ गेला. 1983 च्या डिसेंबरात मारुतीची पहिली गाडी बाहेर पडली, तेव्हा तिची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती. 1993 साली मोटारींच्या कारखान्यांवरील परवान्याचे बंधन उठले. पुढे चाकणसारख्या, एकेकाळी कांद्याच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या गावी जर्मन मोटारींचे कारखाने आले. मर्सिडीज कंपनीने तर आपली खास वेगवान 'एएमजी' जातीची गाडी 2020 च्या नोव्हेंबरापासून चाकणला जोडावयास आरंभ केला. आज शोरूममध्ये पाऊल टाकताच थंड पाणी येते, कॉफी येते, 'सर' म्हणून हाक येते. पण माणसाच्या मनातला याचक अजून तसाच आहे. कॉफी पिऊन झाल्यावर समोर आलेल्या कागदावर तो मुकाट्याने सही करतो. भाजीबाजारात कोथिंबिरीच्या जुडीवरून दहा मिनिटे घासाघीस करणारे आपण, एक कोटीच्या कागदापुढे मात्र लाजतो.

आता तो कागदच आपण ओळीने वाचू.

पहिली ओळ : एक्स-शोरूम किंमत, 90,00,000 रुपये. ही किंमत कोण ठरवतो? पुष्कळांस वाटते की विक्रेता ठरवतो. तसे नाही. ती कंपनी ठरवते. तिच्यातच वस्तू व सेवा कर धरलेला असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या इंजिनाच्या व मोठ्या लांबीच्या मोटारींवर हा कर 40 टक्के झाला, आणि पूर्वीचा उपकर गेला. लहान गाड्यांवर तो 18 टक्के आहे, विजेच्या गाड्यांवर 5. म्हणजे नव्वद लाखांच्या गाडीत मूळ किंमत सुमारे 64 लाख 29 हजार, आणि कर सुमारे 25 लाख 71 हजार.

ही झाली येथे जोडलेल्या गाडीची गोष्ट. पूर्ण बनून परदेशातून बोटीने येणारी गाडी असेल तर तिचे गणित निराळे. तेही पाहून घ्या. समजा, एक गाडी विमा-भाड्यासह मुंबई बंदरात 50 लाखांस पडली. 2025 च्या अर्थसंकल्पात आयात-शुल्काची मांडणी बदलली, पण चाळीस हजार डॉलरांवरील गाड्यांसाठी एकूण बोजा 110 टक्केच राहिला. म्हणजे 55 लाख शुल्क. झाले 1 कोटी 5 लाख. त्यावर 40 टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे 42 लाख. झाले 1 कोटी 47 लाख. अजून कंपनीचा नफा नाही, विक्रेत्याचा नाही, शोरूमच्या काचेचे भाडे नाही. पन्नास लाखांची गाडी बंदराच्या दारातच तिप्पट होण्याच्या बेतात असते. म्हणून इंग्लंड-अमेरिकेतला भाव पाहून येथला विक्रेता लुटतो असे म्हणणे बरोबर नव्हे. लूट म्हणा की महसूल म्हणा, त्यातला सिंहाचा वाटा सरकारी खजिन्यात जातो. ब्रिटनशी 24 जुलै 2025 रोजी जो व्यापारकरार झाला त्यात हे शुल्क ठरावीक संख्येच्या गाड्यांपुरते हळूहळू उतरवण्याचे कलम आहे. तेव्हा अशी गाडी घेणाऱ्याने सही करण्यापूर्वी त्या दिवशीचा दर विचारून घ्यावा. आमचे आकडे रीत समजण्यासाठी आहेत, पाठ करण्यासाठी नव्हेत.

दुसरी ओळ : मोटार वाहन कर, 11,70,000. आपल्या राज्यात वैयक्तिक मालकीच्या पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत 11, वीस लाखांपर्यंत 12 आणि त्यापुढे 13 टक्के असा हा एकरकमी कर आहे. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के अधिक. गाडी कंपनीच्या नावे घेतली किंवा ती आयात केलेली असली तर 20 टक्के. आणि कराची कमाल मर्यादा 1 जुलै 2025 पासून वीस लाखांवरून तीस लाखांवर नेली आहे. येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. शेजारच्या राज्यात वा केंद्रशासित प्रदेशात नोंदणी करून कर वाचवण्याची युक्ती सांगणारे पुष्कळ भेटतील. गाडी भोरात वापरायची आणि पाटी परमुलखाची लावायची, हे कायद्याला धरून नाही. एक दिवस हा कर दंडासह भरावा लागतो, आणि नामुष्की पदरी येते ती वेगळीच.

तिसरी ओळ : टीसीएस, 90,000. दहा लाखांवरील गाडीवर विक्रेता एक टक्का घेतो आणि तो आपल्या नावे आयकर खात्यात भरतो. हा खर्च नव्हे. हा आगाऊ भरलेला आयकर आहे, आणि विवरणपत्र भरताना तो वजा होतो किंवा परत मिळतो. शेतीचे उत्पन्न करमुक्त म्हणून विवरणपत्रच न भरणारे आपले कितीतरी शेतकरी हे पैसे सोडून देतात. पुतण्यालाही हे ठाऊक नव्हते. नव्वद हजार रुपये, म्हणजे एका चांगल्या दुभत्या गाईची किंमत, केवळ अज्ञानाने गेली असती.

येथपर्यंतच्या ओळी कायद्याच्या आहेत. त्यांत घासाघीस चालत नाही. यापुढच्या ओळी माणसांच्या आहेत, आणि शहाणपण तेथे लागते.

चौथी ओळ : विमा, 4,10,000. 1 सप्टेंबर 2018 पासून नव्या मोटारीचा त्रयस्थ-विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो, हे खरे. पण तो कोणत्या कंपनीकडून घ्यावा याचे स्वातंत्र्य पूर्णपणे आपले आहे. शोरूमवाल्याकडूनच घ्या अशी सक्ती कोणालाही करता येत नाही. तो आग्रह का करतो? कारण विम्यावर त्याला मोबदला मिळतो. आम्ही पुतण्याला त्याच अटींचा दर बाहेर विचारावयास लावले. तो आला 2,60,000. दोन फोनांत दीड लाख रुपये!

विमा घेताना 'आयडीव्ही' नावाचा आकडा अवश्य पाहावा. गाडी चोरीस गेली वा पार मोडली तर विमा कंपनी जास्तीत जास्त किती देईल, तो हा आकडा. नव्या गाडीला तो किमतीच्या 95 टक्के धरतात. एक वर्ष ओलांडले की 80, दोन वर्षे ओलांडली की 70, मग 60, आणि चार ओलांडून पाचव्यात गेलात की 50. हप्ता कमी दिसावा म्हणून हा आकडाच खाली ओढण्याची चलाखी कोणी करतो, तीवर नजर ठेवा. आणि हेच कोष्टक दुसरेही काही शिकवते. नव्वद लाखांची गाडी पाच वर्षांत विम्याच्या कागदावर पंचेचाळीस लाखांची होते. हे कोणी चोरून नेत नाही, हे तिच्या उभे राहण्याचे भाडे आहे.

पाचवी ओळ : हाताळणी व वाहतूक खर्च, 45,000. कारखान्यापासून शोरूमपर्यंत गाडी आणण्याचा खर्च एक्स-शोरूम किमतीतच असतो. मग ही हाताळणी कोणाची? आम्ही पुतण्याला सांगितले, "या रकमेची वेगळी, कराच्या क्रमांकासह पावती द्या आणि कोणत्या नियमाने घेता ते तीवर लिहा, एवढेच म्हण. भांडू नकोस." तो म्हणाला. ओळ निघून गेली.

सहावी ओळ : 'आवश्यक' सामान, 1,25,000. पायपुसणी, आच्छादन, रंगावर चढवायचा लेप, सुगंधाची डबी. आवश्यक कोणाला? ज्याला हवे त्याने अवश्य घ्यावे, पण नको म्हणता येते हे ठाऊक असून घ्यावे.

सातवी ओळ : वाढीव हमी व देखभाल, 2,10,000. ही ओळ आम्ही कापली नाही. वेगाच्या गाडीचे टायर, ब्रेक, तेल, सारेच महाग. हमी कोणत्या भागाला आहे आणि कोणत्या नाही, हे वाचून जर पटले तर तो खर्च शहाणपणाचा ठरू शकतो. प्रत्येक ओळ खोटीच असते असे मानणारा ग्राहकही फसतोच, फक्त दुसऱ्या बाजूने.

आठवी ओळ : आरटीओ व इतर, 40,000. 'इतर' हा शब्द दिसला की आपण चष्मा चढवावा. मोटारीच्या नोंदणीची मूळ सरकारी फी 600 रुपये आहे, आयात गाडीची 5,000. कर्ज असेल तर बोजा चढवण्याचे 1,500. बाकी पाटी, फास्टॅग, कार्ड असे काही हजारांत आटपते. हिशेब मागितल्यावर चाळीस हजारांचे सहा हजार झाले.

विमा, हाताळणी, सामान आणि 'इतर' या चार ओळींत मिळून 3,54,000 रुपये कमी झाले. आवाज चढवावा लागला नाही, ओळख सांगावी लागली नाही. 'ही ओळ कशाची?' एवढा एकच प्रश्न चार वेळा विचारावा लागला.

आता विक्रेत्याची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. हा मनुष्य खलपुरुष नव्हे. सामान्य गाड्यांवर त्याचा वाटा शेकडा दोन ते पाचांच्या घरात असतो, असे हा व्यवसाय करणारेच सांगतात. त्यात जागेचे भाडे, माणसांचे पगार, गोदामातल्या गाड्यांवर बँकेचे व्याज. महिनाअखेरीस कंपनीने ठरवून दिलेला विक्रीचा आकडा गाठला नाही तर बक्षिसी बुडते. गाडीवर काही उरत नाही म्हणून तो विम्यावर, कर्जावर, सामानावर जगतो. याचा उपयोग ग्राहकानेही जाणावा. महिनाअखेर, वर्षअखेर, नवे रूप बाजारात येण्याच्या आधी, या वेळी त्याचा हात सैल असतो. आणि गाडी कोणत्या महिन्यात तयार झाली हे अवश्य विचारावे. विक्री-प्रमाणपत्राच्या नमुना 21 मध्ये निर्मितीचा महिना व वर्ष लिहिलेले असते. आठ महिने उन्हात उभी असलेली गाडी नव्या भावाने घेण्याचे कारण नाही. सूट मिळाली तर ती बिलातच दाखवून घ्यावी, तोंडी ठेवू नये.

काही वेळा विक्रेत्याला सूट द्यावयाची असते, पण कंपनी देऊ देत नाही. 2021 च्या ऑगस्टमध्ये स्पर्धा आयोगाने मारुती कंपनीस याच कारणासाठी 200 कोटींचा दंड सुनावला. विक्रेत्यांनी परस्पर जादा सूट देऊ नये म्हणून कंपनी त्यांच्यावर बंधने घालते, असा आयोगाचा निष्कर्ष होता. कंपनीने त्याविरुद्ध अपील केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात मर्सिडीजने आपल्याकडे दुसरीच वाट धरली. गाड्या कंपनीच्याच मालकीच्या राहतील, किंमत साऱ्या देशात एक राहील आणि शोरूमवाला केवळ दलालीवर काम करील, अशी ती पद्धत. अशा दुकानात गाडीच्या किमतीवर घासाघीस चालत नाही. तेव्हा आपण कोणत्या पद्धतीच्या दुकानात शिरलो आहोत, हे आधी ओळखावे.

अमेरिकेत याचा बोध फार आधी झाला. तेथे विक्रेते किमतीत वाटेल ती भर घालीत. तेव्हा ओक्लाहोमाचे सिनेटर मनरोनी यांच्या पुढाकाराने 1958 साली कायदा झाला, आणि प्रत्येक नव्या मोटारीच्या काचेवर किमतीचा तक्ता डकवणे कारखान्यावर बंधनकारक झाले. मूळ किंमत इतकी, जादा साधनांची इतकी, वाहतुकीची इतकी, एकूण इतकी. ग्राहकाच्या ताब्यात गाडी जाण्यापूर्वी तो कागद काढणे गुन्हा ठरला. आपल्याकडून न्यू जर्सी-कॅलिफोर्नियात गेलेल्या मराठी मंडळींना हा कागद चांगला परिचयाचा आहे. पण तोही रामबाण नव्हे. तेथे छापील किंमत ही केवळ 'सुचवलेली' असते. 2021-22 साली गाड्यांचा तुटवडा पडला तेव्हा विक्रेत्यांनी त्या कागदाशेजारी दुसरा कागद डकवला, आणि त्यावर 'बाजारभावानुसार फेरफार' असे गोंडस नाव देऊन हजारो डॉलर वाढवले. वेगाच्या, मोजक्या संख्येने बनणाऱ्या गाड्यांवर तर ही भर सर्वांत मोठी. म्हणजे आपला जुना 'ऑन'च तो, कोट-टाय घालून आलेला! कायद्याने किंमत उघड करता येते, पण उतावळेपणावर कोणत्याही देशात कायदा नाही. वाट पाहण्याची तयारी हेच ग्राहकाचे खरे बळ होय.

कर्जाचाही हिशेब पाहा. समजा, सत्तर लाख रुपये नऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले. हप्ता येतो महिना सुमारे 1,12,600, आणि सात वर्षांत व्याज जाते सुमारे 24 लाख 60 हजार. शोरूममध्ये हप्ता सांगतात, व्याजाची बेरीज सांगत नाहीत. ती आपण घरी करावी.

आता शेवटच्या आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाच्या ओळीकडे येतो. ती कोणत्याही दरपत्रकावर छापलेली नसते.

19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला जे घडले ते आपण विसरला नसाल. दीड कोटीहून अधिक किमतीच्या पोर्शे गाडीची धडक बसून दोन तरुण अभियंते, एक मुलगा आणि एक मुलगी, जागीच गतप्राण झाले. अल्पवयीन मुलगा ती गाडी चालवीत होता, असा आरोप आहे. खटल्याचा न्याय न्यायालय करील, त्यावर आम्ही बोलणार नाही. आम्ही फक्त एका आकड्याकडे बोट दाखवतो. ती गाडी बंगळूरहून तात्पुरत्या नोंदणीवर आली होती. विजेवर चालणारी म्हणून तिला येथे मोटार वाहन कर माफ होता. कायम नोंदणीसाठी भरावयाचे राहिले होते ते अवघे 1,758 रुपये. ते भरले नव्हते, म्हणून गाडीला कायमची पाटी नव्हती. दीड कोटी मोजणाऱ्या घरात सतराशे अठ्ठावन्न रुपये मोजायचे राहून गेले!

मंडळी, गाडीची किंमत देणे आणि गाडीची जबाबदारी घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम 199 अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक वा मालक यांस तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास पंचवीस वर्षे पुरी होईपर्यंत परवाना नाही. ज्या घरात अशी गाडी येते त्या घराने तिची किल्ली कोठे राहील हे आधी ठरवावे, रंग मागाहून ठरवावा.

आम्ही पुतण्याला विचारले, "ही गाडी तू चालवणार कोठे?" मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही मोटारीला ताशी शंभराची मर्यादा आहे, आणि तो वेग दहा लाखांची गाडीही गाठते. खेड-शिवापूरच्या टोलनाक्यावर तुझी गाडी आणि ऊसतोडीचा ट्रॅक्टर एकाच रांगेत. महामार्ग सोडून भोंगवलीकडे वळलास की गतिरोधक, आणि तुझ्या गाडीचे पोट जमिनीपासून वीतभर. रस्त्यावर शाळा सुटलेली पोरे, बैलगाडी, शेळ्या. तो हसला. पण मग गंभीर होऊन म्हणाला, "काका, खरं सांगू का? ज्या रस्त्याखाली आमची जमीन गेली, त्या रस्त्यावरून एकदा तरी सगळ्यांच्या पुढं जावंसं वाटतं."

या उत्तरापुढे आमचे सारे गणित क्षणभर थांबले. ज्यांच्या शेतातून मोठे रस्ते गेले त्यांनी कायम कडेला उभे राहून दुसऱ्यांच्या गाड्या पाहाव्या, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे? ती हौस खोटी नाही. पण जमीन एकदाच विकली जाते. आमच्या आजोबांनी ती धरून ठेवली, वडिलांनी कर्जातून सोडवली. तिच्या जागी जी वस्तू येईल ती पाच वर्षांनी निम्मी होणार असेल, तर त्या वस्तूला आपण किंमत दिली नाही, जमिनीची किंमत कमी केली, असेच म्हणावे लागेल. मोबदल्याच्या पैशाची पहिली जागा जमीन, विहीर, घर, मुलांचे शिक्षण. त्या पैशाला जे फळ लागेल, त्या फळातून माणसाने खुशाल वेगाची गाडी घ्यावी. फळ खाण्यास कोणाची हरकत नाही, झाड मात्र विकू नये.

पुतण्याने काय केले, हे विचारण्यासाठी पुढच्या रांगेतील काही मंडळी उत्सुक दिसतात. तो आज येथेच, मागल्या बाजूस बसला आहे, आणि त्याने नाव न घेण्याची अट आम्हांस घातली आहे. एवढे सांगतो की अनामत अजून भरलेली नाही. विक्रेत्याचा फोन आठवड्याला येतो. दर फोनाला काही ना काही आणखी उतरते, आणि कागद आमच्या घरी टेबलाच्या खणात आहे. तो शेवटी गाडी घेईल किंवा न घेईल. पण घेतली तर प्रत्येक ओळ वाचून घेईल, पाटी लागल्यावाचून दारात आणणार नाही, आणि 'सगळं धरून' असे पुन्हा म्हणणार नाही.

आपणही उद्या गाडी घ्याल, मग ती एक कोटीची असो वा पाच लाखांची. कागद समोर आला की कॉफीचा पेला बाजूला ठेवा, खिशातून पेन्सिल काढा आणि वरच्या ओळीपासून विचारावयास लागा : ही ओळ कशाची? हा प्रश्न विचारणारा ग्राहक याचक राहत नाही. एवढे या वसंतात आपल्या गावाने शिकले तरी चिटणिसांनी या धंदेवाईक विषयाला दिलेली संध्याकाळ वाया गेली नाही, असे आम्ही समजू.